स्टेज टू करण्याआधी

प्रिय भाचीबाई,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, अंधेरीचा तो माणूस म्हणतोय स्टेज टू करून घे, झटके आपोआप जातील. करू का?" मी तेव्हा नुसतं "थांब" म्हणालो, कारण उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. आता सविस्तर लिहितो, आणि जाहीर लिहितो. मुलुंड-घाटकोपरची तुझ्या वयाची जी मुलं माझ्याकडे गाडी घेऊन येतात, त्यांचाही प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. सेकंड हँड टर्बो गाडी घेतलेली असते, आधीच्या मालकाने रीमॅप केलेलं असतं, म्हणजे इंजिनच्या संगणकातली फाइल बदललेली असते. काही महिने गाडी सुसाट पळते. मग एखाद्या दुपारी एसी चालू असताना चढावर ती झटका देते, इंजिनचा दिवा लागतो, आणि पुढे ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी लोड घेत नाही. बाजूला थांबवून चावी बंद करून पुन्हा लावली, की काही झालंच नव्हतं अशी चालते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. स्टेज टू, म्हणजे आणखी ताकदीचा रीमॅप, करू नकोस. आधी गाडीत कंपनीची मूळ फाइल परत टाकून घे, आणि मोजल्याशिवाय एकही गोष्ट बदलू नकोस. आता कारणं वाच.

इंजिनच्या इसीयूमध्ये, म्हणजे त्याच्या संगणकात, जी फाइल असते ती म्हणजे मुख्यतः कोष्टकं. एवढे आरपीएम, एवढी हवा, हवेचं तापमान एवढं, तर पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी किती अंश आधी टाकायची, टर्बोकडून किती दाब मागायचा. कंपनी ही कोष्टकं भरताना मुद्दाम हात राखून भरते, कारण तीच गाडी राजस्थानच्या उन्हात आणि लडाखच्या विरळ हवेत चालायची असते, आणि पंपावरचं पेट्रोल दर वेळी चांगलंच मिळेल याची खात्री नसते. रीमॅप करणारा ही राखून ठेवलेली जागा वापरतो. टर्बो गाडीत बूस्ट थोडा वाढवला, ठिणगी थोडी पुढे घेतली की ताकद तिथल्या तिथे जाणवते, आणि ती खोटी नसते. हे काम मनापासून शिकलेली माणसं आपल्या देशात आहेत. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरांवर, चढवून, तासन्‌तास लॉग बघून एकेक आकडा बसवणारी. त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

पण तुझ्या गाडीतली फाइल तशी बनलेली नाही, हे मी खात्रीने सांगतो. आधीच्या मालकाशी बोललो तेव्हा तो म्हणाला, २०१९ मध्ये एका दुकानात दीड तासात काम झालं होतं. दीड तासात काय होतं ते सांगतो. दुकानदाराकडे जे यंत्र असतं त्याला धंद्यात 'स्लेव्ह' टूल म्हणतात. ते गाडीतली फाइल वाचतं, पण कुलूपबंद वाचतं. ती फाइल दुसऱ्या शहरातल्या, कधी दुसऱ्या देशातल्या 'मास्टर'वाल्याला मेलने जाते, तो त्यात ठरलेले फेरफार करून परत पाठवतो, आणि दुकानदार ती गाडीत टाकतो. ज्याने फाइल लिहिली त्याने तुझी गाडी पाहिलेली नाही. ज्याने गाडी पाहिली त्याला फाइलमध्ये काय आहे ते उघडून बघता येत नाही. म्हणून दुकानदाराला "नक्की काय बदललंय?" असं विचारलंस तर तो एचपी आणि टॉर्कचे आकडे सांगेल. याहून जास्त त्याच्या हाती काही नसतं. त्याच्यावर राग धरू नकोस. पण स्टेज टूची फाइलसुद्धा त्याच वाटेने येणार, हे लक्षात ठेव. चालू फाइल का अडखळते हे ज्याला माहीत नाही, तो तिच्यावर आणखी जास्त दाब मागणारी फाइल चढवणार. तेवढ्याने झटका जाईलही कदाचित, कारण झटका देणारी मर्यादाच त्याने वर सरकवलेली असेल.

आता रविवारी आपण काय पाहिलं ते सांगतो. तू गाडी चालवत होतीस, माझ्या हातात फोन होता, त्यामुळे तुला आकडे दिसले नाहीत. जेव्हीएलआरवर पवईच्या चढाला सकाळी रस्ता मोकळा होता. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून तुला पूर्ण दाबायला सांगितलं आणि साडेतीन हजारला सोडायला सांगितलं. पाचशे रुपयांच्या साध्या डोंगलवर आणि फुकट ॲपवर मागितलेला बूस्ट सहसा दिसत नाही, फक्त मिळालेला दिसतो. म्हणून मी तुझ्या गाडीच्या कंपनीसाठीचं वेगळं ॲप घेतलं होतं. आणि एका वेळी चारच गोष्टी लॉग करत होतो, कारण डझनभर एकदम लावल्या की दोन नोंदींत इतकं अंतर पडतं की नेमका झटका मधल्या फटीत निसटतो.

तर फाइलने वातावरणाचा दाब धरून २१०० मिलिबार मागितले, टर्बोने १८५० दिले. मूळ फाइल या जागी १७०० च्या आसपास मागते. मागणी आणि पुरवठा यांत अडीचशेचं अंतर काही क्षण टिकलं, की इसीयू ठरवतो की टर्बोत काहीतरी बिघडलंय. तो पी ०२९९ हा कोड लिहितो, बूस्ट बंद करतो आणि गाडीला लिम्प मोडमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर, टाकतो. तुला वाटतं गाडीने दगा दिला. प्रत्यक्षात इसीयू इंजिन वाचवत असतो.

इथेच बहुतेक जण थांबतात आणि टर्बो बदलतात. आपण बॉनेट उघडलं. इंटरकूलरच्या खालच्या होजपाशी, क्लॅम्पच्या अगदी कडेला, तेलाचा ओलसर काळा डाग होता, आणि त्यावर धूळ बसून चिखलासारखा थर झाला होता. बोटाने होज दाबल्यावर रबर एका बाजूने नखभर उघडलं. मोकळी असताना ही चीर बंदच दिसते. आत दाब वाढला की उघडते. मूळ दाबावर हे रबर आणखी काही वर्षं टिकलंही असतं. होज बदलली, आणि सकाळी पुन्हा तेच करून पाहिलं तेव्हा २१०० पैकी २०६० मिळाले. तू खूश झालीस. मी झालो नाही, कारण दुपार व्हायची होती.

दुपारी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तू बोरिवलीपासून रांगत आलीस आणि मग चढ घेतलास. इनटेकमधली हवा ५८ अंशांवर होती. गरम हवा विरळ असते, म्हणून तोच दाब द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, आणि जास्त फिरला की तो हवा आणखी तापवतो. त्या एका दाबण्यात इसीयूने ठिणगी सात अंश मागे खेचली, म्हणजे त्याला नॉक, पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका, ऐकू येत होतं. बूस्ट पुन्हा कमी पडला. कोड लागला नाही, पण थोडक्यात वाचला. म्हणजे दोष दोन होते आणि एकमेकांना झाकत होते. होज फाटली होती हे खरं, आणि मुंबईच्या एप्रिलमधल्या दुपारी जे जमणार नाही ते फाइल मागत होती हेही खरं. ती ज्या दिवशी टाकली त्या दिवशी कदाचित जानेवारी असेल.

आता तिसरी गोष्ट. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि रीमॅपवाले हिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. तुझ्या गाडीचा लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक नऊ टक्के होता, आयडलला, दोन हजारला, हायवेवर, सगळीकडे जवळपास सारखाच. ट्रिम म्हणजे कोष्टकात लिहिलंय त्यापेक्षा इसीयूला प्रत्यक्षात किती जास्त पेट्रोल सोडावं लागतंय, त्याचा हिशेब. ज्या गाडीत हवा मोजणारा मॅफ सेन्सर आहे तिथे ट्रिम आयडलला जास्त आणि वर कमी होत गेला, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय असं समजायचं. लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर तपासायचे. सगळीकडे सारखाच असेल तर पहिला संशय पेट्रोलवर घ्यायचा.

२०१९ च्या सुमारास देशभरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल सरासरी पाच टक्के होतं. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीसवर. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला २०१९ च्या मानाने आज सहा-सात टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. तुझ्या नऊ टक्क्यांतला मोठा वाटा इथला आहे. एव्हरेज पडलं म्हणून तू तक्रार करत होतीस, त्याचंही उत्तर यातच आहे. ज्या गाड्या शुद्ध पेट्रोलसाठी बनल्या आणि दहा टक्के इथेनॉलवर बसवल्या, त्यांचं एव्हरेज वीस टक्क्यांवर सहा ते सात टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे.

संथ चालताना ऑक्सिजन सेन्सर बघून इसीयू ही कमतरता भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मात्र बऱ्याच गाड्यांत मुख्य भरवसा कोष्टकावर असतो. तुझ्या फाइलमधलं कोष्टक जुन्या पेट्रोलवर काढलेलं आहे आणि त्यात राखीव जागा उरलेली नाही. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं आणि आतला थंडावाही वाढतो, त्यामुळे नॉकच्या बाबतीत थोडी मदतच होते, हे मान्य. पण मिश्रण पातळ पडलं की एक्झॉस्ट तापतो, आणि त्याची किंमत टर्बो आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर मोजतात. कंपनीच्या फाइललाही नवं पेट्रोल सोसावं लागतंच, पण तिच्याजवळ सोसायला जागा आहे.

फाइल बदललेली आहे हे ओळखायचं कसं, असं तू विचारलं होतंस. ओबीडीत 'कॅलिब्रेशन आयडी' आणि त्याच्याखाली 'सीव्हीएन' असे दोन आकडे मिळतात. सीव्हीएन ही त्या फाइलमधल्या मजकुरावरून काढलेली बेरीज असते. तुझ्या मॉडेलच्या, हात न लावलेल्या दुसऱ्या गाडीचा आयडी तोच आणि सीव्हीएन वेगळा निघाला, तर फाइलला हात लागलेला आहे. जुळला म्हणून निर्धास्तही राहू नकोस, कारण काही फाइलवाले तो जुळवूनही देतात. त्याहून वाईट म्हणजे काही फाइलींमध्ये कोडच बंद करून ठेवलेले असतात. गाडी आतून मिस मारते, मिश्रण बिघडतं, आणि दिवा लागतच नाही. तुझ्या गाडीत दिवा लागतोय, हे मी तुझं नशीब समजतो.

आणि डिझेलवाल्या मित्रांना माझा निरोप दे. घाटकोपरचे दोघे मला विचारत होते की ट्रॅफिकमुळे डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा डबा, तुंबतो, तर सॉफ्टवेअरने 'ऑफ' करून डबा रिकामा करावा का. तुंबतो हे खरं. काजळी जाळायला त्याला बराच वेळ सलग वेगात धावावं लागतं, आणि एलबीएस रोडवर तो वेग कुणाला मिळतो? पण त्यावर उपाय आठवड्यातून एकदा पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा समृद्धीवर गाडी सलग चालवण्याचा आहे. डबा रिकामा केला की ती काजळी सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षातल्या बाळाच्या छातीत जाते. मला याचा मनापासून संताप येतो. पीयूसीत हे पकडलं जात नाही, म्हणजे चालतं, असं सांगून कुणी समजूत घालत असेल तर ऐकू नका. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी बघतात, तीही गाडी उभी असताना. नायट्रोजनच्या ऑक्साइडचा त्यात पत्ताच नसतो.

उभ्या गाडीवरून सॉफ्टवेअरची परीक्षा होत नाही, हे तर जगाने फोक्सवॅगनच्या प्रकरणात पाहिलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्याशा गटाने, ज्यात अरविंद तिरुवेंगडम हे आपले भारतीय अभियंतेही होते, मोजणीचं यंत्र गाडीच्या डिकीत टाकून शेकडो मैल रस्त्यावर फिरवलं. एक पसाट लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेली. प्रयोगशाळेत नियमात बसणारी गाडी रस्त्यावर मर्यादेच्या ५ ते २० पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती, आणि सोबतची जेटा १५ ते ३५ पट. हे २०१४ मध्ये छापून आलं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने नोटीस बजावली, आणि जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये चाचणी ओळखून वागणूक बदलणारं सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीने कबूल केलं.

आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने याच प्रकरणातल्या ईए १८९ इंजिनाच्या गाड्या रस्त्यावर मोजल्या तेव्हा उत्सर्जन बीएस फोरच्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने देशातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. त्यात चाकणला बनलेल्या पोलो आणि व्हेंटो होत्या. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. आपण भारतातला कुठलाही नियम मोडलेला नाही, ही कंपनीची भूमिका राहिली. मला त्यातून तुला एवढंच दाखवायचंय की सगळा छडा लागला तो गाडी जिथे चालते तिथे, चालत असताना मोजल्यामुळे. आपण पवईच्या चढावर केलं ते त्याच जातीचं काम होतं. त्याला डिकीभर यंत्रं लागत नाहीत, शेजारी बसून फोन धरणारा एक माणूस पुरतो.

कायद्याचंही सांगतो, कारण गाडी तुझ्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरतो. आधीच्या मालकाने केलं होतं हे कारण तिथे चालत नाही.

तर आता करायचं काय. आधीच्या मालकाकडून त्या दुकानातली मूळ फाइल माग. चांगली दुकानं ती जपून ठेवतात. नाही मिळाली तर सर्व्हिस सेंटरला स्पष्ट सांगून कंपनीची फाइल टाकून घे. काही लपवू नकोस, कारण टाकताना त्यांना दिसतंच. फाइल लिहिली जात असताना बॅटरीचा दाब पडला तर इसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि मग तो काढून, उघडून जिवंत करावा लागतो. म्हणून त्या वेळी बॅटरीला चार्जर लावलेला हवा, एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद हवं. रेडिएटरचा पंखा मध्येच सुरू होऊ नये म्हणून इंजिन थंड असताना काम करायचं. नंतर जुनी ॲडॅप्टेशन पुसून काही दिवस साधी चालवायची. प्लग मात्र आताच बदल. जास्त बूस्टवर चाललेल्या प्लगचा गॅप वाढलेला असतो आणि त्याचा भार कॉइलवर येतो. मूळ फाइलवर पवईच्या चढाला पुन्हा दुपारी लॉग घेऊ. झटका गेला तर तो फाइलचा होता. तरीही राहिला तर वेस्टगेट आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह बघायचे, मग दोष लोखंडातच शोधायचा.

गाडी पहिल्या दिवशी मंद वाटेल, तयारी ठेव. सीप्झपर्यंतच्या रस्त्यात ती जास्तीची ताकद तुला किती वेळा वापरता आली, हे तूच आठवून बघ. पुढे कधी तुला खरोखर ट्यूनिंग करावंसं वाटलं तर मी आडवा येणार नाही. फक्त आजच्या पेट्रोलवर, उन्हाळ्यात, तुझीच गाडी डायनोवर चढवून फाइल लिहिणारा माणूस शोध, आरटीओ आणि विमा यांचं काय ते आधी विचार, आणि मूळ फाइल स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन ये.

येत्या रविवारी मुलुंडला ये. चार्जर माझ्याकडे आहे. एकाच पंपावरून टाकी भरून आण, आणि ताईलाही घेऊन ये, मामीने जेवायला थांबायला सांगितलंय. तोवर दिवा लागला तरी गॅरेजवाल्याला कोड उडवू देऊ नकोस. त्यासोबत साठवलेले आरपीएम, तापमान आणि लोडचे आकडेही पुसले जातात, आणि मला तेच बघायचे आहेत.

तुझा,
मामा